सोळा इंचांचा ठराव

२८ मे २००६, रविवार

मंडळाची पिकनिक, लेक क्रॅबट्री. ऊन मरणाचं. भेळ संपल्यावर तिथेच झाडाखाली मीटिंग. लेबर डेच्या वीकएंडला, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला, न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला मराठी मंडळांची व्हॉलिबॉल टुर्नामेंट आहे. मिक्स्ड टीम, सहांत निदान दोन बायका हव्यात. कॅप्टन मी. तसं कोणी म्हणालं नाही, पण ते गृहीतच असतं.

प्रश्न अरुणरावांचा. वय त्रेपन्न, गुडघे कुरकुरतात, पोट त्यांच्या आधी नेटला पोचतं. आठ वर्षं आमची जोडी आहे. ते नेटजवळ उभे राहून बॉल वर उचलून देतात, मी मारतो. माणूस सोन्यासारखा. अशा माणसाला तोंडावर ‘तुम्ही नको’ कसं म्हणायचं? मी म्हणणारच नाही. आकडे म्हणतील. ठराव मांडला: टीम निवडताना प्रत्येकाची व्हर्टिकल जंप मोजायची. पुरुषांना किमान सोळा इंच, बायकांना अकरा. भरला तो आत, नाही भरला तो बाहेर. चाचणी बारा ऑगस्टला. पॉलिटिक्स नको, मेरिट हवं.

सगळ्यांचे हात वर. अरुणरावांचा सर्वांत आधी. वाईट वाटलं, पण थोडंच.

घरी येताना नीलांबरीने विचारलं, तुझी किती आहे? म्हटलं, नागपूरला कॉलेजच्या टीममध्ये होतो तेव्हा चोवीस होती. म्हणाली, तू तर राखीव होतास ना. लग्नाला सतरा वर्षं झाली तरी हिला राखीवचा अर्थ कळलेला नाही. राखीव म्हणजे महत्त्वाच्या वेळेसाठी राखून ठेवलेला.

२९ मे, मेमोरियल डे

सकाळी गराजमध्ये उडी मोजली. बोटाला लेकीचा, नीनाचा, जुना खडू फासला. उभं राहून हात वर केला, भिंतीवर एक खूण. उडी मारून दुसरी. मधलं अंतर टेपने.

दहा इंच.

गराजची जमीन रस्त्याकडे उतरती आहे. घर घेताना इन्स्पेक्टरसुद्धा म्हणाला होता. शिवाय पायात सपाता.

संध्याकाळी बूट घालून पुन्हा. साडेदहा. म्हणजे एका दिवसात पाच टक्के वाढ. या वेगाने जुलैपर्यंत छताला डोकं लागेल. गराजमध्ये मोजणं बंद करावं लागणार.

३१ मे, बुधवार, लंच

ऑफिसात रिसर्च केला. स्क्वॉट. खांद्यावर वजन घेऊन खाली बसायचं, उठायचं. पायांची ताकद वाढली की उडी वाढते, हे सिद्ध झालेलं आहे. एका शोधनिबंधाचा सुरुवातीचा सारांश वाचला. अनुभवी माणसाला सार पुरतं.

नीलांबरीला तो पेपर पाठवायला नको होता. ती औषधांच्या ट्रायल्स करणाऱ्या कंपनीत स्टॅटिस्टिशियन. तिने प्रिंट काढून पेन्सिल घेऊन शेवटपर्यंत वाचला. म्हणते, वजनं उचलणाऱ्यांची उडी वाढली खरी, पण वजनांबरोबर उड्याही मारल्या त्यांची जास्त वाढली. मध्ये आराम लागतो. आपलं स्वतःचं वजन वाढलं तर फायदा त्यातच जातो. आणि यातली सगळी पोरं विशीतली आहेत.

हिला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. नोकरीच तशी आहे.

४ जून, रविवार

जिम सुरू. फॅमिली मेंबरशिप घेतली, म्हणून नीलांबरीही आली. मला सोबत.

नुसता बारच पंचेचाळीस पौंडांचा असतो हे आधी कोणी सांगत नाही. खांद्यावर घेतला, खाली बसलो. उठण्याचा भाग राहिला. शेजारच्या गोऱ्याने मागून येऊन बार धरला. मी थँक्यू म्हणालो, तर त्याला वाटलं मला खरंच गरज होती.

नीलांबरी एक हलकी काठी खांद्यावर घेऊन बसत-उठत होती. पार खालपर्यंत, भाजी निवडायला बसल्यासारखी. काठीने काय होणार? पण तिला म्हटलं, छान. प्रोत्साहन द्यावं.

११ जून, रविवार

मोठा शोध. इतकं खाली बसायचं कारणच नाही. गुडघे थोडे वाकवले तरी चालतं, आणि मग वजन कितीही घेता येतं. आज एकशे पस्तीस पौंड घेतले. उडी मारताना आपण कुठे उकिडवे बसतो? तेव्हा हेच जास्त शास्त्रीय.

नीना लायब्ररीतून आम्हाला घ्यायला, म्हणजे आमच्याबरोबर घरी जायला आली होती. चौदा वर्षांची आहे, सगळं कळतं असं वाटतं. पाहत उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, दॅट वॉजन्ट अ स्क्वॉट. यू जस्ट नॉडेड.”

मराठी तर गेलंच होतं. आता इंग्लिशही बिघडलं.

१७ जून, शनिवार

मंडळाची प्रॅक्टिस. एक नवा मुलगा आलाय, सिद्धेश. मुंबईचा, सहा महिन्यांसाठी ऑनसाइट. पंचवीस वर्षांचा, उंच, काडीसारखा. येऊन म्हणाला, काका, मी खेळू का? कोणाला विचारतोय म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

उडी बरी आहे त्याची. कच्ची. मार्गदर्शन मिळालं तर सुधारेल.

२५ जून, रविवार

अरुणराव घरी आले. चहा घेतला, चिवडा घेतला, मग हळूच म्हणाले, श्रीरंग, सोळा इंच माझ्याने होत नाहीत रे. बारा भरतात. तू जिमला जातोस म्हणे. मला काही शिकवशील का? खेळ सुटला तर शनिवारी करू काय मी?

बायको गेल्यापासून एकटेच असतात. मुलगा सिअ‍ॅटलला.

मी त्यांच्या बशीत आणखी चिवडा घातला. म्हटलं, जरूर. पण माझा प्रोग्राम ॲडव्हान्स्ड आहे, तुम्हाला झेपणार नाही. बिगिनर्स नीलांबरी बघते. ती आतून लगेच कागद-पेन्सिल घेऊन आली आणि त्यांचे गुडघे कुठे दुखतात ते विचारत बसली.

तिलाही एक विरंगुळा झाला. दोघं मिळून वेळ घालवतील.

४ जुलै

सुट्टी. वजन केलं. नऊ पौंडांनी वाढलंय. निव्वळ स्नायू. प्रोटीन शेक दिवसातून तीनदा घेतो, त्यात आंब्याचा पल्प घालतो, नाहीतर चव लागत नाही. पँटचं बटण लागेना. स्नायू आधी कमरेत येतात असं दिसतं.

नीलांबरी म्हणाली, एवढा आंबा उचलून वर न्यायचाय तुला. दुर्लक्ष केलं.

१३ जुलै, गुरुवार

ऑफिसात एक छोटा प्रसंग. कॉरिडॉरचं छत फार उंच नाही. रोज येता-जाता उडी मारून त्याला बोट लावायचं असा सराव ठेवला होता. रोज थोडक्यात राहायचं. आज थोडं पळत आलो. बोट लागलं. नुसतं लागलं नाही, आत गेलं. छताचा चौकोनी तुकडा खाली आला तो नेमका आमच्या व्हाइस प्रेसिडेंटच्या पुढ्यात. ती क्लायंटना ऑफिस दाखवत होती. सगळ्यांच्या कोटांवर पांढरी पूड.

तिने विचारलं, व्हॉट हॅपन्ड? मी सांगितलं, व्हर्टिकल जंप. तिने मान डोलावली आणि क्लायंटना दुसऱ्या कॉरिडॉरने नेलं.

महत्त्वाचं ते हे की छताला हात लागला. प्रोग्राम काम करतोय.

२३ जुलै, रविवार

अरुणरावांची आता काळजी वाटते. कालच्या प्रॅक्टिसला पाहिलं. माझ्यासाठी बॉल उचलतात तो अगदी नेमका, हाताशी. आणि सिद्धेशसाठी उचलतात तो भलताच वर जातो, दीड-दोन फूट जास्त. बिचाऱ्या पोराला प्रत्येक वेळी जिवाच्या आकांताने उडी मारावी लागते. तो मारतो आणि बॉल समोरच्या कोर्टात आपटून पार्किंग लॉटपर्यंत जातो, ही गोष्ट वेगळी. पण अंदाज गेला अरुणरावांचा. वय. माझ्याबरोबर आठ वर्षांची सवय आहे म्हणून निभतं.

पोट मात्र कमी झालंय त्यांचं. आजारी तर नाहीत? नीलांबरीला विचारलं. म्हणाली, आजारी नाहीत, पार खाली बसतात.

५ ऑगस्ट, शनिवार

बऱ्याच दिवसांनी उडी मोजली. मुद्दामच मोजत नव्हतो, रोपटं सारखं उपटून मुळं पाहू नयेत.

नऊ.

प्रथमदर्शनी कमी वाटते. पण शरीर ताकद साठवतंय. मधल्या काळात आकडा खाली जातो आणि मग एकदम वर येतो. शेअर मार्केटसारखं. नीलांबरी म्हणाली, थकलेल्या पायांनी उडी दिसत नाही, आता आठवडाभर वजन हलकं कर, थोड्या उड्या मार, झोप. म्हणजे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पुस्तक मिटून ठेवायचं. अशाने मी इंजिनिअर झालो नसतो. उद्यापासून डबल.

ती आणि अरुणराव आठवडाभर हलकं करणार आहेत. त्यांना कष्टच नको आहेत.

१० ऑगस्ट, गुरुवार

जिना उतरता येत नाही. चढता येतो. म्हणून वरच आहे. वर्क फ्रॉम होम.

१२ ऑगस्ट, शनिवार

चाचणी. कम्युनिटी सेंटरचा हॉल. मोजायला नीना, कारण तिला कोणाविषयीच आपुलकी नाही.

सिद्धेश, सव्वीस इंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नीलांबरी, बारा. लोकांनी जास्त टाळ्या वाजवल्या. मला माहीतच नव्हतं की तिने नाव दिलंय. विचारलं, कधी ठरवलंस? म्हणाली, तू जिन्यावर अडकला होतास तेव्हा.

अरुणराव. बूट नीट बांधले, दोनदा हात मागे घेतले, उडाले. नीनाने टेप लावली, परत लावली. सोळा आणि थोडं वर. अरुणराव खाली बसून हसत होते की रडत होते ते कळलं नाही. नीलांबरीने त्यांच्या पाठीवर थाप मारली.

मग मी.

पहिली उडी वॉर्मअपची, ती धरू नये असं मी सांगितलं. दुसऱ्या वेळी हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. तिसरीला काही कारण नव्हतं. नीना जवळ आली, हळू आवाजात म्हणाली, “नाइन अँड अ हाफ, बाबा. आय कॅन से टेन.” मी म्हटलं, नको.

सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. अरुणराव उठले आणि म्हणाले, हा नियम बाजूला ठेवू, श्रीरंगशिवाय टीम कसली, इतकी वर्षं आम्ही दोघं खेळतोय. मी नाही म्हणणारच होतो, पण एकदा आग्रह होऊ द्यावा म्हणून थांबलो. तेवढ्यात सिद्धेश म्हणाला, हो ना, आणि अरुणकाका तसंही यांना बॉल खालीच देतात, नेटच्या जेमतेम वर. मला वाटलं तो तुमचा ठरलेला प्लेच आहे.

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. तो खरंच मला मदत करत होता.

अरुणराव पाण्याची बाटली शोधायला लागले. बाटली त्यांच्या हातात होती.

मी म्हटलं, ठराव म्हणजे ठराव. मी नॉन-प्लेइंग कॅप्टन म्हणून येईन.

१३ ऑगस्ट, रविवार

मुलगा नवीन आहे. त्याला काय कळतं.

१३ ऑगस्ट, संध्याकाळ

नीलांबरीला विचारलं. ती इस्त्री करत होती. म्हणाली, तीन-चार वर्षं झाली असतील. मग बराच वेळ एकच बाही इस्त्री करत राहिली. मी म्हटलं, सगळ्यांना माहीत होतं? म्हणाली, तुला सोडून.

जिमला गेलो नाही.

१९ ऑगस्ट, शनिवार

अरुणरावांकडे गेलो. त्यांनी पिठलं टाकलं होतं, मलाही ताट वाढलं. बराच वेळ एच-वन, ग्रीन कार्ड, टोमॅटोवर पडलेली कीड यांवर बोललो. मग मी विचारलं.

“तू मारतोस छान,” ते म्हणाले, “फक्त वर जात नाहीस. म्हटलं, मग बॉलच खाली आणू. मला काय, दोन्ही सारखंच.”

मी म्हटलं, तुम्ही मला सांगायला हवं होतं. ते म्हणाले, सांगून काय झालं असतं, तू शनिवारी यायचं बंद केलं असतंस.

तो ठराव मी कशासाठी मांडला होता ते त्यांना सांगावं असं फार वाटलं. त्यांनी आणखी पिठलं वाढलं. म्हणाले, “सोळा इंचांचं बरं केलंस. नाहीतर मी कुठला जिममध्ये जातोय.”

म्हणजे त्यांना माहीत आहे की नाही, तेही कळलं नाही. पिठलं तिखट होतं. डोळ्यांतून पाणी आलं.

२७ ऑगस्ट, रविवार

गणपती. मोदक. आकडा लिहीत नाही.

२ सप्टेंबर, शनिवार

भाड्याच्या व्हॅनने वेस्ट विंडसर. दिवसभर गाडी मीच चालवली. कॅप्टनने सुकाणू सोडू नये. मागे सगळे म्हणींच्या भेंड्या खेळत होते. व्हर्जिनियात ट्रॅफिक इतका की मंडळाच्या सगळ्या म्हणी संपल्या.

रस्त्यात ठरवलं: बाहेर उभं राहून स्ट्रॅटेजी बघायची. उडी हा खेळाचा एक छोटा भाग आहे. डोकं हा मोठा. डोक्याला व्हर्टिकल नसते.

३ सप्टेंबर, रविवार

सकाळचे दोन्ही सामने जिंकलो. मी बाहेरून सूचना देत होतो. कोणी बघत नव्हतं, पण सूचना बरोबर होत्या. नीलांबरीने नेटवर एकाचा स्मॅश अडवला. तो माणूस मला विचारत होता, ती कोण? मी म्हटलं, माझ्याकडेच ट्रेनिंग घेते. एका अख्ख्या टेबलभर लोकांना सांगितलं.

सेमीफायनल, यजमानांशी. तिसरा गेम, अगदी शेवटी बरोबरीत. सिद्धेश उडाला, खाली येताना समोरच्याच्या पायावर उतरला. घोटा मुरगळला. मोडला नाही, पण उभं राहवेना. बर्फ आणला. रेफरी म्हणाला, सहा हवेत, नाहीतर मॅच सोडा. राखीव कोणी आणला नव्हता; सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ठरावाचं काय, असं मी म्हणणार होतो. नीलांबरी म्हणाली, आता ठराव ठेव तुझा आणि बूट घाल.

आत गेलो. अरुणरावांनी जवळ येऊन हळूच विचारलं, कुठे देऊ? मी म्हटलं, वर. सिद्धेशला देता तिथे.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दिला. सुरेख बॉल होता. मी पळत आलो, दोन्ही पाय रोवले, सगळा उन्हाळा पणाला लावून उडालो. बॉल माझ्या बोटांवरून आरामात गेला आणि मागे पडला. मी खाली येऊन पोचल्यावर पडला, हे विशेष. समोरच्या टीममध्ये कोणीतरी “अरेरे” म्हणालं, तेही मराठीतून, त्यामुळे समजलं.

त्यांचा मॅच पॉइंट.

अरुणरावांनी या वेळी काही विचारलं नाही, फक्त भुवया वर केल्या. मी म्हटलं, खाली द्या.

बॉल आला. नेटच्या जेमतेम वर, हाताशी. उडी किती होती देव जाणे, मोजायला कोणी नव्हतं. पण तळहातावर नीट बसला. आवाजही चांगला आला. मी मारला तो सरळ कोपऱ्यात.

कोपऱ्यात त्यांची एक मुलगी उभी होती, नीनाएवढी असेल. तिने एका हाताने तो सहज उचलला, दुसऱ्या हाताने केस मागे सारत. आणखी दोन हात लागून बॉल आमच्या बाजूला पडला होता.

मॅच गेली. हात मिळवणं वगैरे झालं. अरुणराव घाम पुसत माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “मस्त मारलास.”

मी विचारलं, “खरंच?”

त्यांनी जरा विचार केला.

“नाही,” ते म्हणाले.

मग आम्ही दोघं जेवणाच्या लायनीत जाऊन उभे राहिलो. आमचा नंबर आला तेव्हा मसालेभात संपला होता.